दहापट पैसे भरून गप्प बसू नका

परवा रात्री अकरा वाजता ताईचा फोन आला. भाचा नववीत आहे. चार दिवसांपूर्वी एका दुकानात जेल पेनांचं पाकीट दप्तरात टाकताना सापडला. किंमत १८० रुपये. त्याला मागच्या खोलीत दोन तास बसवून ठेवलं, फोटो काढला, ‘मी चोरी केली’ असं लिहून घेतलं आणि ताईकडून १,८०० रुपये घेऊन सोडलं. तिने हे घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. मला फोन केला तो सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या ‘पालकांनो सावधान’ या मेसेजने घाबरून. त्यात म्हटलंय: अल्पवयीन मुलाने दुकानात चोरी केली तर एफआयआर आणि कोठडी, दुकानदाराला दहापट वसुलीचा आणि फोटो लावण्याचा हक्क, पासपोर्ट, सरकारी नोकरी कायमची बंद, म्हणून जागीच पैसे भरून मिटवा.

मी वकिली करतो. हे लिहिणाऱ्याने २०१५ चा बाल न्याय अधिनियम एकदा तरी उघडायला हवा होता.

आधी दहापटीचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतंय. आपल्याकडे असा कुठलाही कायदा नाही. काउंटरवर पाटी लावली म्हणून दुकानदाराला दंड करण्याचा अधिकार मिळत नाही; दंड न्यायालय करतं, मुलाच्या बाबतीत बाल न्याय मंडळ करतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दुकानदार आईवडिलांकडे ठरावीक रक्कम मागू शकतो, तसा कायदाच तिथे आहे. कुणीतरी ते उचलून इथे चिकटवलेलं दिसतं. इथे दुकानदार फार तर झालेल्या नुकसानीसाठी दिवाणी दावा लावेल. पेनं जशीच्या तशी परत मिळाली, मग नुकसान कसलं? केवळ आईबाप आहात म्हणून मुलाच्या कृत्याची भरपाई आपोआप तुमच्या गळ्यात पडत नाही. आणि ‘इतके पैसे देईन’ असं चौदा वर्षांच्या पोराकडून लिहून घेतलं असेल, तर अज्ञानाचा, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचा, करार मुळातच रद्दबातल असतो. ब्रिटिश काळातलं आपलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच ते सांगून ठेवलंय.

उलट त्या मागच्या खोलीत जे झालं तेच गुन्ह्याच्या जवळ जातं. कुणाला चोरी करताना पकडलंच तर पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, पैसे येईपर्यंत डांबून ठेवायचं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली बेकायदा डांबण्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. ‘पैसे द्या, नाहीतर फोटो ग्रुपवर टाकतो’ ही धमकी कलम ३०८ च्या खंडणीत बसू शकते. फोटो लावण्याचा हक्क तर सोडाच. चौकशीत असलेल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कोठडी? त्याच अधिनियमाचं कलम १० स्पष्ट आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराखालच्या मुलाला, लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही, चोवीस तासांच्या आत मंडळासमोर न्यावं लागतं. बेड्या नाहीत. किरकोळ चोरीत, सोबत कुणी प्रौढ नसेल तर, एफआयआरसुद्धा होत नाही; स्टेशन डायरीत नोंद आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, एवढंच.

पासपोर्ट-नोकरीची भीती कलम २४ ने काढून टाकली आहे. दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे येणारी कुठलीही अपात्रता मुलाला लागू होत नाही. निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीही द्यायची नाही, असं कलम ७४ मध्येच लिहिलंय.

आता मेसेजमधलं खरं तेवढं मान्य करतो. चोरी ही चोरीच, आणि ‘अठराच्या आत आहे, काही होत नाही’ हेही चूक. साध्या चोरीला मोठ्या माणसाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. माल ठेवायच्या इमारतीतली चोरी म्हणून न्याय संहितेचं कलम ३०५ लावलं तर सात. मुलाच्या बाबतीत मंडळ, म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्याची चौकशी करतं. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, आईवडिलांना दंड, आणि गरज वाटली तर विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवणं, हे सगळं त्यांच्या हातात आहे. पण ते मंडळाच्या हातात आहे. दुकानाच्या मॅनेजरच्या नाही.

ताईला सांगितलंय, त्या १,८०० रुपयांची पावती मिळाली असेल तर जपून ठेव, नसेल तर तारीख, वेळ आणि कोण कोण होतं ते आजच लिहून काढ. दुकानाला पत्र मी लिहितो: फोटो आणि तो कागद परत द्या, पेनांच्या किमतीवरचे पैसेही. भाच्याला रविवारी माझ्याकडे पाठव म्हटलंय. चार दिवस तो घरात कुणाशी नीट बोललेला नाही.