रॅम्प आहे म्हणू नका, चढून दाखवा

आज डोकं इतकं तापलंय की जेवण गेलं नाही. पोस्ट लांबणार आहे, पण वाचा.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आमचे आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांची डावी बाजू लुळी आहे, व्हीलचेअर लागते. सकाळी त्यांना बँकेत घेऊन गेले. बँकेला रॅम्प आहे. शेजारी निळी पाटीही आहे. पण ओटा दोन फूट उंच आणि रॅम्प जेमतेम सहा फूट लांब. वर गुळगुळीत ग्रॅनाइट, कठडा कुठल्याच बाजूला नाही, आणि पायथ्याशी मोटारसायकली लावलेल्या. त्या सरकवून घेतल्या आणि खुर्ची ढकलायला लागले, तर अर्ध्यावर माझ्याच चपला सरकायला लागल्या. खुर्ची मागे येतेय हे कळताच आप्पांनी उजव्या हाताने चाक आवळून धरलं. तळहाताची साल निघाली.

हिशोब अवघड नाही हो. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते. दोन फुटांच्या ओट्याला चोवीस फूट. रुंदी किमान चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, वर पोचल्यावर खुर्ची स्थिर उभी राहील आणि वळेल अशी पाच फुटांची सपाट जागा. हे मी मनाने सांगत नाहीये, सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. सेंटरिंग लावणाऱ्या मिस्त्रीला एकदा सांगितलं की कळतं. सांगतच कुणी नाही.

चोवीस फूट जागा आणायची कुठून, असं विचारणारे येतीलच. जुन्या बाजारपेठेतल्या गल्लीत नाही मिळत, मान्य. पण बारा-बारा फुटांचे दोन टप्पे करून, मध्ये सपाट जागा ठेवून रॅम्प वळवता येतो. आणि नवीन बांधकामांचं काय? जळगाव घ्या, धुळं घ्या, नंदुरबार घ्या, हायवेला लागून एकेक कॉम्प्लेक्स उभं राहतंय. सगळ्यांची जोती कंबरेएवढी, पुढे पायऱ्याच पायऱ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की नियमात न बसणाऱ्या नकाशाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. मग हे दाखले देतं कोण? जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत होती, ती 2022 मध्येच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितलं की नुसत्या शिफारशी पुरे झाल्या, सक्तीचे नियम करा. कोर्टाला हे सांगावं लागतं यातच सगळं आलं.

तर आप्पा रॅम्पवर अडकलेले. समोरच्या चहाच्या टपरीवरची पोरं धावत आली. "गुरुजी, आम्ही लई जातस ना तुमले!" चौघांनी चार बाजूंनी खुर्ची धरली. पोरं गुणाची आहेत, त्यांच्याबद्दल चकार शब्द वावगा काढणार नाही. आपल्या खानदेशात हाताला हात मिळतोच. पण आप्पा म्हणाले, "माले उचलू नका रे भो." फार हळू म्हणाले. ज्या माणसाने हजार पोरांना पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं, त्याला भर बाजारात पोत्यासारखं उचलून नेताना काय वाटत असेल? कुणी विचारलंय कधी? मदतीला येणारी पोरं आहेत म्हणून रॅम्प बरोबर बांधायचा नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

शेवटी उचललंच. वर गेलो तर चॅनल गेट. सुरक्षेसाठी साखळी लावून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढंच उघडं ठेवलेलं. खुर्चीला दाराची मोकळी रुंदी तीन फूट लागते, म्हणजे चाक फिरवणाऱ्याची कोपरं चौकटीला घासत नाहीत. साखळीची किल्ली ज्याच्याकडे तो बाहेर गेलेला. मग आतले एक साहेब कागद घेऊन गेटपाशी आले, उभ्या उभ्या सही घेतली. माणूस भला होता, माफीही मागितली. मी रागाने काही बोलले नाही त्यांना, त्यांच्या हातात काय होतं?

हो, आता मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला होतो, माहीत आहे मला. पण आप्पांना बँकेत जायचं असतं. बरोबरीचे निवृत्त मास्तर तिथे भेटतात, बाकावर बसून गप्पा होतात. या वेळी ते सगळे आत होते आणि आप्पा गेटबाहेर. आतून एकाने हात केला. आप्पांनीही केला. घरी येऊन ते काही बोलले नाहीत, मी हळद लावली तळहाताला.

तुमच्यापैकी ज्यांचं घर, दुकान, दवाखाना, मंगल कार्यालय बांधायला काढलंय त्यांनी उद्याच टेप घेऊन साइटवर जा. जोतं किती उंच धरलंय बघा, त्याला बाराने गुणा, तेवढी जागा पुढे सोडा. संडासाचा दरवाजा दोन-अडीच फुटांचा ठेवला असेल तर चौकट बसायच्या आत मोठा करून घ्या. नंतर फोडायला दुप्पट खर्च येतो.

आणि गावातल्यांसाठी: 3 डिसेंबरला दिव्यांग दिन आहे, हारतुरे होतील. त्याच्या आधी सोमवारी अकरा वाजता मी नगरपरिषदेत लेखी अर्ज देतेय. गेल्या पाच वर्षांत परवानगी मिळालेल्या व्यापारी इमारतींचे रॅम्प मोजा, एवढीच मागणी आहे. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा. कुणाकडे पन्नास फुटी टेप असेल तर घेऊन या.