चहाच्या इतिहासात मणिराम देवान कुठे आहे?

चहाचा विषय निघाला की "चहा इंग्रजांनी आणला" हे वाक्य हमखास ऐकू येतं. घरोघरी सवय त्यांनी लावली, मान्य. पण आसामात चहाचं झाड त्यांच्या आधीपासून होतं. तिथल्या सिंगफो जमातीचे लोक पानं कढईत परतून उन्हात वाळवायचे, मग बांबूच्या नळीत ठासून चुलीवरच्या धुरात ठेवायचे. आजही असा चहा करतात. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला या चहाची खबर दिली ती मणिराम दत्त बरुआ या तरुण मुलाने, म्हणजे पुढच्या मणिराम देवानने. त्यानेच ब्रूसला सिंगफो प्रमुख बेसा गामकडे पाठवलं. तरी 'शोध' कुणाच्या नावावर? ब्रूसच्या! मला याचा मनापासून राग येतो.

मणिराम काही सुरुवातीपासून बंडखोर नव्हता. उलट इंग्रजांचाच माणूस, महसूल खात्यात वर चढलेला. १८३९ मध्ये महिना २०० रुपयांवर तो चहाचे मळे चालवणाऱ्या आसाम कंपनीचा देवान, म्हणजे कारभारी झाला. नाझिऱ्याला बसून त्याने मळ्यांचा कारभार आतून पाहिला, शिकून घेतला आणि काही वर्षांत नोकरी सोडून जोरहाटजवळ सिनामारा इथे स्वतःचा मळा घातला. दुसरा शिवसागरकडे, सेंगलुंगला. धंदा म्हणून चहा पिकवणारा हा पहिला भारतीय. सरकारी पडीक जमिनीचे १८३८ चे नियमच असे होते की १०० एकरांच्या खाली जमीन मिळायची नाही, वर भांडवल दाखवायचं. म्हणजे जमीन गोऱ्यांनाच मिळणार हे ठरलेलं. अशा काळात हा माणूस त्यांच्या धंद्यात उतरला, आणि टिकला.

१८५७ म्हटलं की आपल्याला झाशी, कानपूर, तात्या टोपे आठवतात. जोरहाट कुणालाच आठवत नाही. मणिराम तेव्हा कलकत्त्यात होता, आसामवर पूर्वी राज्य करणाऱ्या आहोम घराण्यातल्या कंदर्पेश्वर सिंहाला गादी परत मिळावी म्हणून अर्ज घेऊन गेलेला. उठाव झाल्यावर त्याने आसामात निरोप धाडले, पत्रं पकडली गेली, आणि २६ फेब्रुवारी १८५८ ला साथीदार पियाली बरुआसोबत त्याला जोरहाटला फाशी दिलं.

आसाम त्याला हुतात्मा म्हणून मानतो, ते योग्यच आहे. पण उद्योजक म्हणूनही त्याचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं, कारण फाशीबरोबर त्याचा धंदाही संपवला गेला. मळे जप्त करून लिलावात काढले. घेतले कुणी? जॉर्ज विल्यमसन या गोऱ्या मळेवाल्याने. त्यानंतर भारतीयांची पहिली चहा कंपनी जलपाईगुडीत निघायला १८७९ साल उजाडलं.