कांजीचा कारखाना

कांजी म्हणजे जपानी लिहिताना वापरतात ती मूळची चिनी अक्षरं. रोजच्या वापरात कोणत्या कांजी असाव्यात, याची यादी जपानी सरकार काढतं. २०१० सालच्या यादीत त्या २१३६ आहेत. त्याच खेपेला ‘खिन्नता’ या अर्थाची २९ रेघांची कांजीही यादीत आली. ती लिहून पूर्ण होईस्तोवर अर्थ आपोआप समजतो, हा त्यातल्या त्यात फायदा.

एवढं पाठ करायला इंटरनेटवर साधनं ढिगानं पडली आहेत. शहाणा माणूस त्यातलं एक उचलतो आणि अभ्यासाला लागतो. संगणकाच्या धंद्यातला माणूस स्वतःचं बनवायला घेतो. ‘दोन संध्याकाळचं काम आहे’ असं आमच्यात म्हणतात. कुठल्या वर्षातल्या संध्याकाळी, ते विचारायचं नसतं.

कच्चा माल फुकट मिळतो. अर्थ आणि उच्चार ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जिम ब्रीन यांनी सुरू केलेल्या कांजीडिक या कोशातून, तर रेघा कोणत्या क्रमाने काढायच्या ते कांजीव्हीजी या आकृत्यांच्या संग्रहातून. सरावाचं वेब-पान तयार झालं आणि मी ते पुण्यातल्या आमच्या सेन्सेईंना, म्हणजे जपानीच्या शिक्षिकेला, दाखवलं.

त्यांनी ‘सरळ’ या अर्थाच्या कांजीवर बोट ठेवलं. “अरे, हे चिनी आहे.”

संगणकातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडने चिनी आणि जपानी भावंडांना एकच क्रमांक दिलाय. चेहरा कोणता लावायचा ते फाँट ठरवतो. हाडाच्या कांजीच्या डोक्यातला छोटा कोपरा जपानमध्ये उजवीकडे असतो, चीनमध्ये डावीकडे. पान जपानी आहे हे ब्राउझरला ‘जेए’ अशा दोन अक्षरांत सांगावं लागतं. नाहीतर तो हाताला येईल तो फाँट लावून मोकळा.

ते निस्तरलं, तर एन्टर आडवा आला. जपानी टाइप करताना उच्चार रोमन अक्षरांत लिहायचा, स्पेस दाबून त्याची कांजी करायची आणि पसंत पडली की एन्टर दाबायचा. सेन्सेईंनी ‘शिक्षक’ लिहायला घेतलं, योग्य कांजी निवडली, एन्टर दाबला. माझ्या पानाला वाटलं, उत्तर आलं. अर्ध्यातच हिसकावून घेतलं आणि लाल अक्षरांत जाहीर केलं: ‘चूक!’ चाळीस वर्षं ‘सेन्सेई’ म्हणवून घेतलेल्या बाईंना ‘सेन्सेई’ येत नाही, असं सांगणारा जगातला पहिला प्रोग्रॅम माझा असावा. यावर उपाय आहे: लिहिणं चालू असताना एक खूण मिळते, ती तपासायची. पण एक नामांकित ब्राउझर ती खूण एन्टरच्या आधीच पुसून टाकतो. त्याच्यासाठी २२९ हा जुनापुराणा कळक्रमांक वेगळा तपासावा लागतो. हे कळायला अख्खा गणेशोत्सव गेला.

मग रेघांचा क्रम. ‘डावा’ आणि ‘उजवा’ यांची डोकी दिसायला सारखी. पण ‘डावा’ आडव्या रेघेने सुरू होतो आणि ‘उजवा’ तिरक्या. तपासणी कडक ठेवली तर सेन्सेई नापास होत होत्या. सैल केली तर भाच्याने काढलेली आगगाडी ‘ड्रॅगन’ म्हणून पास झाली.

आणि शेवटी भुतं. १९७८ साली जपानने संगणकासाठी अक्षरांची अधिकृत यादी केली. तेव्हा एका कांजीसाठी ‘डोंगर’ आणि ‘बाई’ यांची एकावर एक चिकटवलेली कात्रणं होती. त्या जोडाची सावली रेघ समजली गेली आणि एक आडवी रेघ जास्त असलेली कांजी जन्माला आली. सरकारी काम कुठंही सारखंच. अशा अक्षरांना तिकडे ‘भुताटकीची अक्षरं’ म्हणतात. त्यातल्या दुसऱ्या एका कांजीचा पक्का उगम अजून सापडलेला नाही, पण ती आज जगभरच्या फोनमध्ये मुक्कामाला आहे.

चाचणीत नेमकी तीच आली. सेन्सेईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि काहीच न लिहिता एन्टर दाबला. माझ्या यादीत तिच्या अर्थाचा रकाना कोरा, त्यांचं उत्तरही कोरं. पडदाभर हिरवी अक्षरं झळकली: ‘शाबास!’

“शिक्षक लिहिलं की नापास आणि काहीच नाही लिहिलं की शाबास,” सेन्सेई म्हणाल्या. “डिसेंबरच्या जपानीच्या परीक्षेला तू यातल्या कुठल्या पद्धतीने बसणार आहेस?”