बेलफ्रीत घंटा!

मी शब्दाला एक रुपया दराने भाषांतर करतो. म्हणजे एका शब्दापायी दोन कप चहा झाला की धंदा बुडालाच. परवा युरोप सहलीचं माहितीपत्रक आलं. राजवाडे, चीज, चॉकलेट सगळं सुरळीत पार पडलं आणि इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या चर्चपाशी गाडी अडली. चर्चला होती 'बेलफ्री'.

"सोप्पंय बाबा," नववीतले चिरंजीव म्हणाले. "शुगर-फ्री म्हणजे बिनसाखरेचं, तसं बेलफ्री म्हणजे बिनघंटेचं."

त्याला हाकलून कोश उघडला. अर्थ निघाला घंटेचा मनोरा, पण शब्दाचं मूळ पाहतो तर काय? कार्टं जवळजवळ बरोबर होतं! या शब्दात मुळात 'बेल' नाहीच. जुन्या फ्रेंचमधला हा 'बेरफ्रे', म्हणजे चाकांवरचा लाकडी मनोरा. आत सैनिक भरायचे, मनोरा ढकलत शत्रूच्या तटाला भिडवायचा आणि थेट तटावर उतरायचं. त्याच्याही मागे जुने जर्मानिक शब्द : 'राखणं' आणि 'शांतता'. लढाईच्या यंत्राला शांततेचं नाव, हे काही आजचं नाही तर! पुढे हाच शब्द टेहळणीच्या बुरुजाला लागला, बुरुजावर धोक्याची घंटा टांगली गेली. इंग्रजांच्या जिभेला दोन 'र' जड झाले, त्यांनी पहिल्याचा 'ल' केला. आपण नाही का नंबरचं लंबर करत? त्यात वर घंटा दिसतच होती, मग 'बेल' पक्की झाली. फ्रेंचांचा 'बेफ्रुआ' मात्र अजून बिनघंटेचाच आहे.

"अहो, पानं वाढलीत. सापडली का त्या शब्दात घंटा?"

"घंटा!" मी ओरडलो.

स्वयंपाकघरात शांतता. याच उद्गारासाठी चिरंजीवांचा मोबाइल आठवडाभर जप्त होता. तो त्याला तत्काळ परत मिळाला.

जेवताना वसई आठवली. 1739 साली चिमाजीअप्पांनी वेढा घालून वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच म्हणतात. तिकडे वेढ्याच्या मनोऱ्यावर घंटा चढली, इकडे वेढ्याने मनोऱ्यावरची घंटा उतरवली. भात गार झाला, पण अंगावर काटा आला.

रात्री 'घंटेचा मनोरा' असं लिहून खाली भलीमोठी टीप जोडली. उलटलेल्या पानावर बेल्जियममधलं ब्रूज शहर. तिथेही बेलफ्री! उंची 83 मीटर, पायऱ्या 366, घंटा ढीगभर आणि खाली चर्चच्या जागी बाजारपेठ. हा मनोरा देवाचा नव्हे, गावाचा. टीप आणखी वाढली. अडीच वाजता पाठवून दिली.

सकाळी उत्तर आलं : 'टीप काढली आहे. दोन्हीकडे घंटाघर केलं आहे. एक रुपया.'

शब्द दोनदा आलाय, मी कळवलं.

'पुनरावृत्तीचे पैसे नसतात.'