जालन्याची सळई आणि 'सगळ्यात मजबूत' टायटॅनियम

आमच्या दाजींनी गावाकडच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज फिरत फिरत वाळूजला आमच्या मशीन शॉपच्या ग्रुपवरही आला. म्हणे टायटॅनियम हा जगातला सगळ्यात मजबूत धातू, हिऱ्यासारखा कठीण, कितीही तापवा ढिम्म, म्हणून अख्खं जेट इंजिन त्याचंच. शिवाय त्याचं कडं घातलं की बीपी उतरतं. टायटॅनियमचे जॉब मी मशीनवर लावलेत, त्यामुळे गप्प बसवेना.

मजबूत म्हणता, पण कोणतं टायटॅनियम? शुद्ध टायटॅनियमच्या 'ग्रेड २'ची हमी चौरस मिलिमीटरला २७५ न्यूटनची. त्यापुढे ते कायमचं वाकलं तरी तक्रार करता येत नाही. जालन्याच्या मिलमधून निघणाऱ्या एफई ५०० या बांधकामाच्या सळईला हाच आकडा किमान ५०० लागतो. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलं की टायटॅनियम ८००च्या पुढे जातं, हे खरं. पण पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं कवच मारेजिंग नावाच्या खास पोलादाचं असतं, त्यात सुमारे १८ टक्के निकेल, आणि ते १७००च्या आसपास पोचतं. टायटॅनियमची खरी करामत वजनात आहे. घनसेंटिमीटरला ते साडेचार ग्रॅम, पोलाद जवळपास आठ. विमानवाल्यांना त्याचं वेड आहे ते यासाठी.

कठीणपणाचं म्हणाल तर हिऱ्याचं नावच काढू नका. साध्या कार्बाइड इन्सर्टने, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्याने, ते कापलं जातं. मग ऑपरेटर त्याला का वैतागतात? कारण टायटॅनियममधून उष्णता पुढे सरकत नाही. पोलाद कापताना बरीचशी उष्णता चिप, म्हणजे निघणारा धातूचा कीस, घेऊन जाते. इथे ती टूलच्या टोकावरच साठते, चिप टोकाला चिकटते आणि इन्सर्टची धार बघता बघता जाते. त्यात हा धातू पोलादापेक्षा लवचीक, पातळ भिंत टूलपासून मागे सरते आणि माप चुकतं. म्हणून स्पीड कमी ठेवायचा, थंड करणारं कूलंट थेट टोकावर मारायचं आणि टूल एका जागी घासत ठेवायचं नाही.

'कितीही तापवा' हे तर धोकादायक आहे. वितळबिंदू १६६८ अंश, लोखंडाच्या १५३८पेक्षा जास्त, कबूल. पण साधारण ६०० अंशांच्या वर ते हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होऊ लागतं. म्हणून जेट इंजिनात ते पुढच्या, थंड भागात: पंखा, हवा दाबणारा कॉम्प्रेसर. मागे टर्बाइनच्या सगळ्यात गरम पात्यांना निकेलचे मिश्रधातूच लागतात. तिथला वायू पात्याच्या वितळबिंदूपेक्षाही गरम असू शकतो. पात्यातल्या बारीक भोकांतून हवा खेळवून आणि वर सिरॅमिकचा लेप देऊन ते जगवतात. आणि टायटॅनियमच्या बारीक चिप्स पेटतात, बरं का. त्यावर पाणी मारलं तर आग भडकते. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची पावडरच लागते.

राहिलं कडं. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, म्हणून ते शरीरात जवळजवळ काहीच सोडत नाही. हाडात त्याचे स्क्रू चालतात ते यामुळेच. जे काहीच सोडत नाही, ते मनगटावर बसून बीपी कसं उतरवणार? गोळी सोडू नका.

हे सगळं दाजींना पाठवलं. उत्तर आलं, "मंग दुकानदार वापस घेईल का ते?"