चिंधी निळी ती निळीच

रायफलच्या बॅरलमधलं, म्हणजे नळीतलं, तांबं काढायला बसलेला प्राणी लांबूनच ओळखू येतो. खिडक्या सताड उघड्या, घरभर अमोनियाचा भपकारा, आणि हा एका चिंधीकडे टक लावून बसलेला. "झालं का?" असं घरचे विचारतात. चिंधी निळी, म्हणजे विरघळलेलं तांबं अजून येतंय. म्हणजे नाही झालं.

गोळीच्या शिशावर तांब्याचं कवच असतं. साधारण 95 टक्के तांबं, 5 टक्के जस्त. ती नळीतल्या आट्यांवर (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांवर) घासत सुटते आणि अंगाचं थोडं साल नळीतच ठेवून जाते. नळी आतून जितकी खडबडीत, तितकं साल जास्त. .22 वाल्यांना, म्हणजे लहान गोळीच्या रायफलवाल्यांना, हा जाच नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला 2024 साली पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्य मिळालं, तिथली गोळी नुसत्या शिशाची. त्यांच्या वाट्याला शिसं, मेण आणि काजळी. तांब्याचे भोग .315 आणि .30-06 अशा मोठ्या गोळीवाल्यांचे.

अशा वेळी कुणीतरी सुचवतंच, "चिंच-मीठ लावून बघ की." देवघरातल्या ताम्हनाचा काळा थर जातो आणि तांबं राहतं, हे खरंच. इथे मात्र तांबं घालवायचंय आणि पोलाद राखायचंय. चिंच-मिठाने नेमकं उलटं होईल : तांबं लख्ख, पोलाद गंजलेलं.

आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (मागचा सरकता खटका) काढायचा. चिंधीचा रॉड मागून, जिथे गोळी भरतात त्या चेंबरकडून, त्याला मधोमध धरणाऱ्या बोअर गाइडच्या नळकांड्यातून घालायचा. पलटणीत चिंधी बांधून नळीतून ओढतात त्या पुलथ्रूची दोरी एका बाजूला घासत राहिली की तोंडाशी खाच पाडते, आणि मग गोळी कुठे जाईल ते गोळीलाच ठाऊक.

पहिला मान काजळीचा. ती काढायचं सॉल्व्हंट वेगळं, तांब्याचं वेगळं. बहुतेक जण इथेच फसतात, कारण काजळी आणि तांबं अळूवडीसारखे एकावर एक गुंडाळलेले असतात. वरचं तांबं गेलं की चिंधी पांढरी येते, माणूस खूश होऊन चहा मागतो. खाली काजळी, तिच्याखाली पुन्हा तांबं, हे त्याला चहानंतर कळतं. म्हणून दोन्ही सॉल्व्हंट आलटून पालटून वापरायची, पण मधे कोरड्या चिंध्या फिरवून. एकमेकांत कालवायची नाहीत.

तांब्यासाठी अमोनियाचं सॉल्व्हंट. ओली चिंधी फिरवा, नायलॉनच्या ब्रशने दहा-बारा फेऱ्या मारा, दहा मिनिटं थांबा, कोरडी चिंधी काढा. निळी आली? पुन्हा. बाटलीवर पंधरा मिनिटांची मर्यादा लिहिलेली असेल तर ती आपल्यालाच उद्देशून आहे. रात्रभर भिजवायची हौस असेल तर बिनअमोनियाचा फोम घ्या. आणि बूच मारून नळी काठोकाठ भरू नका. अमोनिया एकट्याने तांबं खात नाही, त्याला जोडीला हवेतला ऑक्सिजन लागतो. पातळ, ताजा थर जास्त काम करतो.

चिंधी दिवसभर निळीच येत राहिली, तर बॅरलवर संशय घेण्याआधी रॉडच्या टोकाचा जॅग, म्हणजे चिंधी धरणारा तुकडा, बघा. तो पितळी असेल तर सॉल्व्हंट इमानेइतबारे जॅगच विरघळवतंय. ब्रॉन्झच्या ब्रशचीही तीच गत. निकेलचा मुलामा दिलेला जॅग घ्या.

एवढ्यानेही हटलं नाही, तर घट्ट चिंधीवर बारीक पॉलिश पेस्ट लावून आखूड फेऱ्या. तोंडाबाहेर जॅग काढायचा नाही. हा उपाय वर्षातून एखाद्या वेळचा. दर रविवारी केलात तर आट्याही पॉलिश होऊन जातील.

तपासायला तोंडाशी तिरका टॉर्च धरा, नारिंगी पट्टे दिसतात. नळीत घालून बघायचा कॅमेरा, बोरस्कोप, मात्र, माझं ठाम मत, जपून विकत घ्यावा. तो आला की चांगलं नेम धरणारं बॅरलसुद्धा आजारी दिसायला लागतं. लक्ष्यावर गोळ्यांचा घोळका घट्ट, जवळजवळ पडतोय तोवर थोडं तांबं राहू द्यावं.

शेवटी सॉल्व्हंट पुसून तेलाचा हलका हात, आणि रेंजवर झाडण्याआधी तो कोरडा करायचा. तरी नितळ नळीतून पहिल्या तीन-चार गोळ्या भलतीकडेच जातात. त्या मोजायच्या नसतात. अख्खी सुट्टी घालवून काढलेल्या तांब्यातलं थोडं परत लावायला त्या झाडायच्या असतात.