होय, मी चेटकिणींच्या कादंबऱ्या वाचते

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

नाशिकला गंगापूर रोडवर आमचा एक वाचनगट जमतो. वर्षभरात वाचलेल्या एखाद्या पुस्तकावर प्रत्येकाने बोलायचं, असं आजचं ठरलेलं. मी माझा विषय सांगितला: चेटकिणी, शेकडो वर्षं जगणारे रक्तपिपासू, ग्रंथालयातून गायब झालेलं हस्तलिखित. अध्यक्ष म्हणून बसलेले गृहस्थ लगेच म्हणाले, "ताई, काही वैचारिक असेल तर सांगा. भुताखेतांचं नातवंडांना सांगा." हशा पिकला. दुसरे एक म्हणाले, असल्या पुस्तकांनीच अंधश्रद्धा वाढते. माझी पाळी गेली ती गेलीच. मग श्रीमंत कसं व्हावं यावरच्या पुस्तकाला हवा तेवढा वेळ मिळाला.

१८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेलं हे गाव. कुसुमाग्रजांचं गाव. इथे पुस्तक न उघडताच त्याची पायरी ठरवायची?

तिथे बोलू दिलं नाही, म्हणून इथे बोलते. डेबोरा हार्कनेस या बाई अमेरिकेत विद्यापीठात विज्ञानाचा इतिहास शिकवतात. कादंबरीकडे वळण्याआधी त्यांनी जॉन डी या सोळाव्या शतकातल्या इंग्रज विद्वानावर संशोधनग्रंथ लिहिला होता. 'अ डिस्कव्हरी ऑफ विचेस' आलं २०११ मध्ये, 'शॅडो ऑफ नाइट' २०१२ मध्ये, 'द बुक ऑफ लाइफ' २०१४ मध्ये. नायिका डायना बिशप स्वतः इतिहासकार. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात ती किमयागारांच्या, म्हणजे साध्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्यांच्या, पोथ्या अभ्यासते आणि तिच्या हाती अॅशमोल ७८२ क्रमांकाचं हस्तलिखित येतं. तो क्रमांक लेखिकेने मनाने रचलेला नाही. बॉडलियनच्या संग्रहात तो खरोखर आहे आणि त्या क्रमांकाचं हस्तलिखित खरोखर हरवलेलं आहे. हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. एका रिकाम्या जागेवर एवढा डोलारा उभा करायचा म्हणजे आयुष्यभर दप्तरं चाळलेली लागतात.

ही डायना अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटकीण ठरवून फासावर दिलेल्या ब्रिजेट बिशपच्या वंशातली दाखवली आहे. ब्रिजेटही खरी. १० जून १६९२ ला तिला फाशी दिली आणि तिच्यानंतर आणखी अठरा जणांना.

इथे मला आमची आत्याआजी आठवते. वडिलांची आत्या, दिंडोरीकडच्या खेड्यातली. लहान वयात विधवा झालेली. पंचक्रोशीतली बाळंतपणं तीच करायची. निरगुडीचा शेक, अडुळशाचा काढा, बाळाला घुटी किती उगाळायची, सगळं तिला तोंडपाठ. अपरात्री कंदील घेऊन लोक दारात उभे राहायचे, "आत्या, चला लवकर." आणि तिच्याच हातांनी या जगात आणलेल्या त्या बाळाच्या बारशाला तिला बोलावणं नसायचं. ती वाटेने जाताना दिसली की आया बाळाचं तोंड पदराखाली घ्यायच्या. माघारी तिला काय म्हणायचे, ते मी लहानपणी या कानांनी ऐकलंय. चेटकीण.

दुसऱ्या भागात डायना आणि तिचा रक्तपिपासू नवरा मॅथ्यू काळात मागे, १५९० च्या लंडनमध्ये जातात. दर्यावर्दी वॉल्टर रॅले, नाटककार ख्रिस्तोफर मार्लो ही मंडळी घरात वावरतात. पुढे प्रागमध्ये सम्राट रुडॉल्फचा दरबार येतो. काय रंगवलंय म्हणून सांगू! भट्ट्या, काचेची पात्रं, पारा, गंधक. पेम्ब्रोकची काउंटेस मेरी सिडनी आपल्या प्रयोगशाळेत डायनाला घेऊन किमयेचे प्रयोग करते, आणि सगळे तिला मान देतात. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकचे चेटूक-खटले उभे राहत होते. त्यात अॅग्नेस सॅम्पसन नावाच्या, लोकांना औषधपाणी करणाऱ्या बाईचा छळ करून तिला मारून टाकलं. सरदारघरच्या बाईने भट्टी पेटवली तर ती विद्या. गावच्या बाईने काढा उकळला तर ते चेटूक. डीसारखा पुरुष देवदूतांशी बोलतो म्हणाला तरी तो एलिझाबेथ राणीचा सल्लागार राहतो. न्यूटनने किमयेवर वह्याच्या वह्या लिहिल्या, त्याला कोणी खांबाला बांधलं नाही.

आमच्या आत्याआजीला वैदूंच्या बरोबरीने ओसरीवर बसायला कधी सतरंजी मिळाली नाही. हे मला कोणत्या वैचारिक पुस्तकाने दाखवलं? कुठल्याच नाही. या 'भुताखेतांच्या' पुस्तकाने दाखवलं.

आणि अंधश्रद्धेचं म्हणाल तर राग आवरत नाही. सातपुड्यात आजही बायकांना डाकीण ठरवून मारहाण होते. गावाबाहेर काढतात, जीव घेतात. त्या राज्यात बसून तुम्ही मला सांगता की कादंबरीने अंधश्रद्धा वाढते? दाभोलकरांना २०१३ च्या ऑगस्टमध्ये गोळ्या घातल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. डाकीण ठरवणारे कादंबऱ्या वाचत नसतात हो! त्यांना त्या बाईची जमीन हवी असते, किंवा पोर दगावल्याचा दोष कोणाच्या तरी माथी मारायचा असतो. आमच्याकडेही वरच्या आळीतलं एक बाळ तापाने गेलं, तेव्हा सगळ्यांच्या माना आत्याआजीच्याच घराकडे वळल्या. बाळ आजारी असताना तिला कोणी बोलावलंसुद्धा नव्हतं.

कादंबरीतल्या चेटकिणींना खरीच जादू येते आणि खऱ्या मारल्या गेलेल्यांना ती येत नव्हती. हा फरक मोठा आहे, मान्य. तो मॅथ्यूही बायकोवर फार मालकी गाजवतो, ते मला सहन होत नाही. दुसरा भाग मधे रेंगाळतो. असू दे.

आपण वेताळाच्या गोष्टींवर वाढलो. राजाच्या खांद्यावर प्रेत आणि ते प्रेत न्यायाचे पेच घालतंय, यात आपल्याला कधी पोरकटपणा वाटला नाही. मग परदेशी बाईने, तीही इतिहासाच्या प्राध्यापिकेने, अभ्यास करून रचलेलं अद्भुत तेवढं पोरकट कसं? मला तर वाटतं, अडचण भुतांची नाहीच. पन्नाशी ओलांडलेली बाई आवडीने, हट्टाने, प्रेमकथा असलेलं जाडजूड पुस्तक वाचते, हे खुपतं.

जरा शांत झाले आता. चहा झाला.

खरं सांगायचं तर या मालिकेतलं मला सगळ्यात आवडतं ते डायनाचं आपल्या जादूपासून पळणं. तिला अभ्यासाच्या बळावर उभं राहायचं असतं, घराण्याच्या नाही. मग हळूहळू तिला कळतं की दोन्ही तिचंच आहे. लंडनमधल्या वयस्क चेटकिणी तिला जवळ बसवून शिकवतात, ती पानं मी परत परत वाचते. आत्याआजीजवळ असं शिकायला कोणी बसलं नाही. माझ्या आईला बसायचं होतं, पण घरच्यांनी जाऊ दिलं नाही. आत्याआजीचं सगळं ज्ञान तिच्याबरोबर गेलं. कुठल्या पाल्यात काय मिसळायचं, हे विचारायला आता कोणीही उरलेलं नाही.

मूळ तिन्ही भाग माझ्याकडे आहेत. पहिला सध्या भाचीकडे आहे, तो दिवाळीनंतर मिळेल. कॉलेज रोड, महात्मा नगर भागातल्या कोणाला हवे असतील तर मेसेज करा. इंग्रजी सोपं आहे, घाबरू नका. आणि ज्यांच्या घरी अशी एखादी औषधपाणी करणारी आजी, मावशी, आत्या होती, त्यांनी तिच्याबद्दल लिहा. तिला काय काय यायचं तेही लिहा. मी सगळं वाचणार आहे.